मिरीच्या रोपाबरोबर तुम्ही मातीही विकता: कोकणातल्या मसाला रोपवाटिकाधारकांना खुले पत्र

कोकणातल्या सर्व मसाला रोपवाटिकाधारकांस,
स. न. वि. वि.

मागच्या पितृपक्षात आमच्या आगरातल्या मेलेल्या मिरवेली मी पोफळींवरून ओढून काढल्या. ओढून म्हणते खरी, पण जोर लावावाच लागला नाही. हात लावला की पेरापेरावर तुटून हातात येत होत्या. एका वेलीच्या बुंध्याशी बसले आणि अंगठ्याने साल दाबली. पिकल्या केळ्याची साल सरकावी तशी ती सरकली, आणि आतून काळा, बुळबुळीत, कुबट वासाचा लगदा बाहेर आला. तो वास साबणाने दोनदा हात धुऊनही संध्याकाळपर्यंत गेला नाही. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या मामंजींनी, त्या वेली चढवल्या तेव्हा माझं लग्नही व्हायचं होतं.

जुन्या वेली एकेचाळीस गेल्या. तुमच्यापैकी एकाकडून आणून लावलेल्या साठ नव्यांपैकी नऊ उरल्यात, त्याही उभ्या आहेत एवढंच.

तुमच्यापैकी एकाकडून म्हटलं, पण कोणाकडून ते लिहिणार नाही. मला त्या माणसाशी भांडायचं नाही. शिवाय त्याच्या जागी दुसऱ्या कोणाकडून घेतली असती तर चित्र वेगळं दिसलं असतं याची मला खात्री नाही. त्यानंतर मी सात रोपवाटिका बघून आले. म्हणून पत्र सगळ्यांनाच.

गुहागर तालुक्यात, समुद्राच्या पुळणीपासून हाकेच्या अंतरावर आमचं दीड एकराचं आगर आहे. पोफळी साडेतीनशेच्या आसपास, माड साठ, चार जायफळं, दालचिनीची थोडी झाडं, आणि जवळपास एकशेतीस मिरवेली. विहिरीचं पाणी वरच्या अंगाला टाकीत चढतं आणि तिथून पाटाने खाली फिरतं. हा पाट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मिरीचा पैसा मोठा नसतो, पण सुपारी पडते त्या वर्षी तोच घर सावरतो. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राने माडांमध्ये मसाल्याची झाडं लावायचा 'लाखी बाग' हा प्रकार रुजवला, तो आमच्याकडे सगळ्यांनाच पटला. मलाही पटला. २०२१च्या जूनमध्ये मी पन्नियूर-१ या मिरीच्या संकरित जातीची सहासष्ट रोपं आणली आणि त्यांतली साठ वरच्या अंगाला, पाटाच्या कडेकडेने, रिकाम्या पोफळींच्या पायाशी लावली.

रोपं बघून कोणाचाही जीव हरखला असता. हातभर उंच, पानं तळहाताएवढी, काळपट हिरवी. पहिला पाऊस बरा गेला. २०२२च्या श्रावणात एका सकाळी वरच्या ओळीतलं एक पान उन्हाकडे धरून पाहिलं, तर मधोमध काळा डाग आणि त्याच्या कडेला ओल्या कागदावर शाई पसरावी तशी बारीक पिसं फुटलेली. चार दिवसांत जमिनीवर सरपटणाऱ्या कोवळ्या फांद्यांचे शेंडे काळे पडले. मग पानं पिवळी झाली, गळली, आणि तीन आठवड्यांत अकरा वेली खलास. याला पुस्तकात जलद मर म्हणतात. गावात म्हणतात, वेल जळली. जळली हा शब्द चुकीचा आहे. ती कुजते, आणि वरून जळल्यासारखी दिसते तेव्हा खालचं काम कधीच आटोपलेलं असतं.

२०२३ला रोग पाटाने उतरला. अक्षरशः पाटाने. माझ्याकडे आगराचा हाताने काढलेला कागद आहे, त्यावर मेलेली वेल मी लाल पेन्सिलीने भरते. त्या कागदावर लाल ठिपके पाटाच्या दोन्ही बाजूंना ओळीने खाली येताना दिसतात, पाट वळतो तिथे वळतात. पाटापासून लांब, गडग्याच्या बाजूला आहेत त्या जुन्या वेली आजही घोस धरून आहेत. २०२४ला पाटाची सगळी शेवटची टोकं लाल झाली.

आता तुमचा पहिला प्रश्न मला माहीत आहे, कारण तो मला तोंडावर विचारून झाला आहे. "आमच्याकडून गेली तेव्हा हिरवीगार होती, तुमच्याकडे पाणी साचत असेल." पाणी साचत होतं, नाकारत नाही. पण साठ लावून झाल्यावर सहा रोपं उरली होती. ती मी मागीलदारी, जांभ्याच्या चिऱ्यांवर, पन्हळीखाली येणार नाहीत अशी पिशवीतच ठेवली होती. त्या सहा रोपांनी आमच्या आगराची माती पाहिलेलीच नव्हती. २०२२च्या त्याच श्रावणात त्यांतली दोन तशीच काळी पडून मेली.

मग मी स्वयंपाकघरात एक उद्योग केला. श्रीखंडाचे चार रिकामे डबे घेतले. दोनात मेलेल्या रोपांच्या पिशवीतली माती, दोनात आगराच्या खालच्या टोकाची, जिथे तेव्हा एकही वेल गेली नव्हती. चारही डब्यांत आमच्याच विहिरीचं पाणी, आणि वर गडग्याकडच्या निरोगी मिरवेलीच्या पानाचे नखाएवढे तुकडे तरंगत सोडले. शास्त्रज्ञ मातीतला हा रोग हुडकायला असंच आमिष लावतात, हे मी वाचलं होतं. घरातल्यांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. तिसऱ्या दिवशी पिशवीच्या मातीवरचे तुकडे कडेने काळे पडले होते. आगराच्या मातीवरचे हिरवेच. डबे म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे, पाण्यात कुजवणारे दुसरेही जीव असतात, म्हणून ती माती आणि बुंधा मी रीतसर तपासायला दिला. उत्तर आलं ते एका शब्दाचं: फायटोफ्थोरा.

या जिवाबद्दल थोडं लिहिते, कारण रोपवाटिकेत काय करायचं ते सगळं त्याच्या स्वभावावरून ठरतं. आपण त्याला बुरशी म्हणतो, पण शास्त्र त्याला खऱ्या बुरशीत धरत नाही. शेवाळ्याच्या लांबच्या नात्यातला आहे तो. त्याचे बीजाणू दोन शेपट्या हलवत पाण्यात पोहतात. पोहणाऱ्या जिवाला आषाढातलं कोकण म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, हवेत दमट गारवा आणि प्रत्येक आळ्यात पाणी. त्याची भावंडं आपल्या ओळखीची आहेत. पोफळीवर कोळेरोग आणून कच्ची सुपारी गाळतो तो याच कुळातला. म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी १९१०च्या सुमारास त्याचा छडा लावला. अळवाच्या पानावर गोल करपट वर्तुळं पडतात ती यांच्याच भाऊबंदांची करणी, आणि १८४५पासून आयर्लंडमध्ये बटाटा कुजवून माणसं उपाशी मारली तोही यांच्यातलाच. मिरीवरच्या जातीचं नाव कॅप्सिसी, म्हणजे मिरचीचा. १९२२मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत तो पहिल्यांदा मिरचीच्या झाडावर ओळखला गेला म्हणून. मिरची आपल्याकडे आली तेव्हा मिरीवरून तिला नाव मिळालं. रोगाने ती उसनवारी अशी फेडली.

सांगायचं ते एवढंच की हा जीव मातीत आणि पाण्यात राहतो, आणि रोपाच्या मुळांत शिरला तरी महिनोन्महिने वर काही दाखवत नाही. तुम्ही गिऱ्हाइकाला वेल देता असं तुम्हाला वाटतं. खरं म्हणजे तुम्ही त्याला पाऊण किलो मातीही देता, आणि तो ती नेऊन आपल्या पाटाच्या उगमाशी पुरतो.

इथे जरा दूरचं सांगते. माझा भाचा पुण्यात बिअरच्या कारखान्यात आहे. गणपतीला आला तेव्हा माझा लाल ठिपक्यांचा कागद बघून म्हणाला, "मावशी, हे तर हॉपसारखं दिसतंय." हॉप म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देतात ते फूल, तेही वेलीवर येतं. मिरवेल मुळं रोवून झाडाला चिकटते. हॉपला ते जमत नाही, तो तारेला पीळ घालत घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वर जातो, आणि जर्मनीत बव्हेरियात त्याच्यासाठी सात-सात मीटर उंच तारांचे मांडव असतात. आपल्याकडे हिमाचलातल्या लाहौलमध्ये थोडा होतो. मला बिअरशी काही देणंघेणं नाही, पण त्या वेलीच्या रोगांबद्दल मी मग जे मिळेल ते वाचलं, कारण तिचं आणि मिरीचं दुखणं एका जागी येतं: दोन्ही वेली बियाण्यावर करत नाहीत, छाटावर करतात. हॉपच्या तर फक्त मादी वेली लावतात, म्हणून सगळा मळाच एकमेकींचे तुकडे. आई आजारी असेल तर सगळी लेकरं आजारी.

त्यांच्याकडेही पाण्यात पोहणारा एक जीव आहे, आपल्यावाल्याचा चुलत भाऊ. त्याने पडणारा रोग म्हणजे केवडा. १९०५मध्ये जपानात दिसला, १९२०मध्ये इंग्लंडात, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत त्याने बव्हेरियातले मळे बसवले. हा रोग थंडीत वेलीच्या खोडक्यात गप्प बसतो आणि वसंतात खुरट्या, फिकट कोंबांच्या रूपाने वर येतो. खोडकं वरून निरोगी, विकणाऱ्यालाही कळत नाही, घेणाऱ्यालाही नाही. मळे बसल्यावर तिथल्या हॉप लावणाऱ्यांनी आणि बिअर गाळणाऱ्यांनी मिळून १९२६मध्ये ह्युल नावाच्या गावात आपली संशोधन संस्था उभी केली. ती आजही चालू आहे. बव्हेरियात हंगामात हवेतले बीजाणू रोज मोजतात आणि फवारा कधी मारायचा याचा निरोप शेतकऱ्याला जातो. ज्याच्या मालावर धंदा चालतो त्याचा मळा मेला तर आपलं काय, हे बिअरवाल्यांना कळलं. तुमचा धंदा माझ्या आगरावर चालतो, म्हणून हे सांगते.

इंग्लंडातल्या केंट परगण्यातली गोष्ट आणखी जवळची आहे. १९२४मध्ये तिथे हॉपला मर लागली, ती खरोखरच्या बुरशीची, मातीतून जाणारी. वेलींचा पाला, अवजारांना चिकटलेली माती आणि रोपं यांच्याबरोबर ती मळ्यामळ्यांत गेली. औषधाने ती गेली नाही. सोसणाऱ्या जाती काढाव्या लागल्या आणि त्यात त्यांची दशकं गेली. वाय कॉलेजची 'टार्गेट' नावाची जात आली ती १९७२मध्ये. जपानात तर हॉपला खुजेपणाचा एक रोग आहे, तो विषाणूपेक्षाही लहान अशा कणाने होतो. लावल्यावर काही वर्षं काहीच दिसत नाही, मग वेल खुरटते. तोवर त्या वेलीचे छाट किती मळ्यांत गेलेले असतील, हिशोब करा. मिरीलाही असा खुजेपणा आहे. पानं बारीक, आखूड, पिवळ्या शिरांची होतात. तो विषाणूंचा आहे, पिठ्या ढेकूण थोडा पसरवतो आणि बाकीचं काम छाटाची कात्री करते. तुमच्यापैकी दोन ठिकाणी मी मातृवेलींवर, म्हणजे छाट घेता त्या वेलींवर, ही पानं पाहिली. एका ठिकाणी मालक म्हणाले, "ती जातच तशी आहे, बारीक पानाची." पुढे काही बोलायला जीभ उचलली नाही.

तुमच्या सात रोपवाटिका बघताना काय दिसलं तेही लिहिते, नाहीतर म्हणाल घरात बसून बोलते. शेडनेटखाली पिशव्या थेट ओल्या जमिनीवर खेटून ठेवलेल्या, काहींच्या बुडाला मुळं फुटून खालच्या मातीत गेलेली. पाणी पऱ्याचं, वरच्या बाजूला कोणाचं तरी आगर. मातृवेलीच्या धावत्या फांद्या जमिनीवर लोळतायत आणि छाट त्यांचेच घेतलेले. एक ठिकाणी पोरगा मेलेली रोपं उपटून त्याच पिशवीत, त्याच मातीत दुसरा छाट खोचत होता. मला बघून हसला, कारण त्यात लपवण्यासारखं काही आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. आणि तीन ठिकाणी मेटालॅक्सिलचे पुडे.

त्या पुड्यांबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. मॅन्कोझेब मिसळलेलं मेटालॅक्सिल हे मिरीच्या रोगावरचं मान्य औषध आहे, आगरात गरज पडली की मीही वापरते. पण ते या जिवाला थोपवतं, मुळासकट संपवत नाही. रोपवाटिकेत विक्रीच्या तोंडावर ते मारलं की डाग दिसेनासे होतात, रोप तजेलदार होऊन टेम्पोत चढतं, आणि औषधाचा जोर उतरतो तेव्हा ते माझ्या पाटाच्या कडेला असतं. ताप उतरायची गोळी देऊन मुलाला शाळेत पाठवण्यातलाच हा प्रकार. त्यात पुन:पुन्हा तेच मारत राहिलं की रोग त्याला दाद देईनासा होतो. हॉपच्या केवड्याने याच मेटालॅक्सिलला अमेरिकेत कधीच धूप घालणं सोडलं. तुम्ही फसवायला मारता असं मी म्हणत नाही. तुम्ही रोप वाचवायला मारता. पण वाचलेलं दिसतं ते वाचलेलं नसतं, आणि किंमत दुसराच चुकवतो.

माझ्या चुका सांगायच्या राहिल्या. नवी रोपं महिनाभर वेगळी न ठेवता आणली तशी लावली. पाटाच्या कडेला लावली, कारण पाणी घालायला सोपं. पावसाआधी वरची सावली छाटायची ती त्या वर्षी माणूस न मिळाल्यामुळे राहिली. धावत्या फांद्या वेळीच खोडाला बांधल्या नाहीत. एकच कोयती घेऊन मेलेल्यावरून जित्यावर गेले. आणि या सगळ्यापेक्षा वाईट म्हणजे २०२२च्या त्या अकरा मेलेल्या वेली मी पऱ्यात फेकल्या. पऱ्या आमच्याकडून वळून जाऊबाईंच्या आगरातून जातो. २०२३ला त्यांच्या चौदा वेली गेल्या. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांच्या ओटीवर जाऊन मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, "तुला तरी कुठे ठाऊक होतं." मला ठाऊक नव्हतं, खरं आहे. तुमच्या त्या पोरग्यालाही नव्हतं. म्हणूनच एवढं लांबण लावलंय. यापुढे कोणाला ठाऊक नव्हतं म्हणता येऊ नये.

आता मागणं. त्यातलं काहीही परदेशातून आणायचं नाही, कालिकतच्या मसाला पिके संशोधन संस्थेच्या शिफारशींत तेच आहे आणि आपल्या दापोलीच्या विद्यापीठात विचारलं तरी तेच सांगतात. पिशवीची माती उन्हात तापवा. ओली करून, वर पारदर्शक प्लास्टिक घट्ट पसरून, कडा मातीने दाबून, दीड महिना. लोक इथे म्हणतात, छाट आम्ही फेब्रुवारी-मार्चमध्ये लावतो, मग उन्हाळा कधी मिळणार? म्हणून ती माती आदल्या वर्षीच्या एप्रिल-मेमध्ये तापवून पावसाआधी कोरडी झाकून ठेवायची. आगोटीला घरात लाकडं भरतो तशी. एवढी अक्कल शेण्या साठवणाऱ्या बाईला असते. त्या मातीत शेणखताबरोबर ट्रायकोडर्मा ही उपकारी बुरशी वाढवून घाला; फक्त त्यावर लगेच बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं औषध, ओतू नका, नाहीतर एका हाताने पेरलेलं दुसऱ्याने माराल. मातृवेलीची धावती फांदी जमिनीवर लोळू न देता वेलीच्या पायाशी खुंटी रोवून तिच्यावर गुंडाळा, छाट तिथून घ्या. पिशव्या जमिनीवर न ठेवता खडीवर ठेवा, खडी परवडत नसेल तर जाड प्लास्टिकवर, पण पाणी निघून जाईल अशा उतारावर. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी द्या, पऱ्याचं नको.

बोर्डो मिश्रणाबद्दल एक सांगते, कारण पाहिलेल्यांपैकी निम्म्या ठिकाणी ते चुकीचं होत होतं. शंभर लिटरला एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना. मोरचूद पन्नास लिटरात प्लास्टिकच्या पिंपात विरघळवायचा, चुना दुसऱ्या पन्नास लिटरात, आणि मोरचुदाचं पाणी चुन्यात ओतायचं, ढवळत. लोखंडी बादली नको. झाल्यावर घासलेली कोयती त्यात मिनिटभर बुडवून पाहायची. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, रोप भाजेल. नाही आला तर झालं. एका ठिकाणी मी कोयती मागून बुडवली, ती तांब्याच्या लोट्यासारखी लाल होऊन बाहेर आली. मालकांनी ती हातात फिरवून फिरवून पाहिली, आणि त्यांचा चेहरा मला आवडला. तो माणूस पुढच्या खेपेला नीट करणार.

जातीबद्दल तुम्ही आम्हाला खरं सांगा. पन्नियूर-१ हा केरळच्या पन्नियूर केंद्राचा जगातला पहिला मिरीचा संकर, १९७१चा. लांब घोस, भरपूर मिरी, उन्हातही नाचतो. त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. पण या रोगापुढे त्याचा टिकाव नाही, हे रोप विकताना कोणी बोलत नाही. कालिकतच्या संस्थेने 'शक्ती' नावाची जात काढली आहे ती हा रोग बऱ्यापैकी सोसते. सोसते म्हणजे होतच नाही असं नव्हे. ओल्या जागेला ती, निचऱ्याच्या जागेला पन्नियूर, असं कोणी मला २०२१ला सांगितलं असतं तर मी पाटाच्या कडेला वेगळं काही लावलं असतं. आणि आमच्या गडग्याकडच्या गावठी वेली कोणत्या जातीच्या, मामंजींनी कुठून आणल्या, आता सांगायला कोणी नाही. पाट लांब असल्यामुळे वाचल्या की अंगचं बळ आहे, तेही कळायचंय. कोणाला त्यांचे छाट हवे असतील तर फुकट देईन, पण माती धुऊन.

बिलावर मातृवेलीचं गाव लिहा. एवढं एकच नवीन कलम मागते. कुठल्या बागेतून छाट आणले आणि कोणत्या महिन्यात लावले, एवढ्या दोन ओळी. मग एखाद्या गावात वेली मेल्या तर त्याच बागेची रोपं अजून कुठे गेली ते शोधता येईल. कालिकतचंच सुपारी व मसाला विकास संचालनालय मसाल्याच्या रोपवाटिकांना मानांकन देतं; ज्यांनी घेतलं असेल त्यांनी पाटी दिसेल अशी लावा, ज्यांनी घेतलं नाही त्यांनी अर्ज करा.

आमच्या बाजूचंही लिहिते, नाहीतर एकतर्फी होईल. आम्ही गिऱ्हाइकं मृगाच्या आदल्या आठवड्यात येतो, सगळ्यांत उंच आणि हिरवं रोप मागतो, आणि वीसचं पंधराला करा म्हणतो. ते उंच आणि हिरवं दिसायला तुम्ही पाणी आणि युरिया मारता, आणि तेच रोगाला आवडतं. तापवलेल्या मातीचं, खडीवर ठेवलेलं रोप पंधराला कसं परवडेल? साठ रोपांमागे माझे तीनशे रुपये वाचले होते. एकेचाळीस जुन्या वेलींचं वर्षाचं उत्पन्न मी त्याच्याशेजारी लिहून पाहिलं आणि वही मिटून ठेवली.

येत्या जूनला मला ऐंशी रोपं लागतील, चाळीस माझ्यासाठी, चाळीस जाऊबाईंसाठी. एका रोपाचे पन्नास रुपये देईन, निम्मे आगाऊ. एप्रिलमध्ये येऊन प्लास्टिकखालची माती पाहीन. ती पुढच्या वर्षीची असेल हे समजून आहे. यंदाची माती कधी तापवली ते तुम्ही सांगाल त्यावर विश्वास ठेवीन. रोपं घेताना दहा-बारा पिशव्या फाडून मुळं बघणार आहे. पांढरी असतील तर बाकीची उचलीन. फाडलेल्या रोपांचे पैसे माझ्याकडे लागू.

आपली,
गुहागरकडची एक आगरवाली